सायना, सेना की सिएना? भाचीला इटलीतल्या गावाचं नाव ठेवण्याआधी

धाकटा भाऊ आणि भावजय बोलोन्यात असतात. मुलगी आहे हे तिकडे आधीच सांगतात, त्यामुळे सातव्या महिन्यात भावजयीचा फोन आला, "ताई, इथल्याच एखाद्या गावाचं नाव ठेवावं म्हणतोय. फार कुणी ठेवत नाही असं. अर्थ नीट बघून द्या, आत्याचा मान आहे." मी सातारा जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवते. इटालियनचा गंध नव्हता. तरी दोन महिने खपले आणि त्यातून जी पद्धत बसली ती सांगते. तुमचं गाव दुसरं असेल, रीत हीच चालेल.

सगळ्यात आधी नाव मोठ्यांदा म्हणा आणि घरातल्या सर्वांत जुन्या जिभेकडून म्हणवून घ्या. नकाशात सुंदर दिसणारी नावं इथे धडाधड पडतात. मी ओट्याशी उभ्या असलेल्या आईला एकेक विचारत गेले. आस्ती? "अस्थी? बारशाला?" लुक्का? शाळेत त्याचं लुच्चा व्हायला एक दिवस पुरेल. रावेन्नात तिला रावण ऐकू आला. वेरोना मला फार आवडलं होतं, पण 2020 नंतर ते यमक कोण सोसणार? सिएना म्हटल्यावर आई म्हणाली, "सेना? चालेल की. लढाऊ आहे." हसून मी ते बाजूला ठेवलं. आई किती बरोबर होती हे पुढे कळलं.

दुसरं, बाळांच्या नावांच्या यादीतल्या अर्थावर विसंबू नका. 'सिएना म्हणजे तांबूस-तपकिरी' असं हमखास लिहिलेलं असतं. ते उलटं आहे. गावावरून रंगाचं नाव पडलं, रंगावरून गावाचं नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाच्या रंगपेटीत ती नळी होती: बर्न्ट सिएना. आम्ही तिला 'बर्न सायना' म्हणायचो, आमचे सरही तेच म्हणायचे. हा रंग म्हणजे लोह आणि थोडं मँगनीज असलेली माती. इटालियनमध्ये तिला 'तेर्रा दी सिएना', सिएनाची माती, म्हणतात. तिच्या नावाजलेल्या खाणी मात्र गावात नव्हत्या. त्या, सिएना ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानाच्या दक्षिणेला, अमियाता डोंगराच्या बाजूला होत्या. कच्ची असते तेव्हा ती पिवळट तपकिरी दिसते. भाजली की तिच्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं आणि ती तांबूस होते, म्हणून 'बर्न्ट'. मी वर्गात पिवळी माती लोखंडी तव्यावर भाजून हे दाखवते. मुलं तोंडाचा आ करून बघतात आणि तवा घासायचा राहतो माझ्याकडे.

तर अर्थ हवा असेल तर गावाच्या नावाचं सर्वांत जुनं लेखन शोधा. आजचा शब्द फोडून अर्थ काढू नका. सिएनाच्या बाबतीत वाट अशी दिसते. आज ज्याला तोस्काना म्हणतात त्या भागात रोमनांच्या आधी एत्रुस्कन लोक राहत. त्यांच्यात 'सायना' नावाचं कूळ होतं आणि गावाचं नाव त्यावरून पडलं असं मानतात. (बॅडमिंटनवाल्या सायनाचा यात काही संबंध नाही, आमच्या सरांचाही नाही.) पुढे सम्राट ऑगस्टसच्या काळात तिथे रोमन वसाहत झाली, तिचं नाव साएना यूलिया. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं झालं सेना. होय, आईवालंच सेना. गावाच्या उत्तरेच्या वेशीवर, पोर्ता कामोल्लियावर, आजही लॅटिनमध्ये कोरलेलं आहे: 'कोर माजिस तिबी सेना पांदित'. सेना तुझ्यासाठी या वेशीहून मोठं हृदय उघडते. हा अर्थ मी भावजयीला फोनवर वाचून दाखवला तेव्हा ती थोडा वेळ काही बोललीच नाही.

मग 'सेना'ची 'सिएना' कशी झाली? तोस्कानातल्या लोकांच्या तोंडी जोर पडलेला उघडा ए, म्हणजे तोंड जरा जास्त उघडून म्हटलेला ए, फुटून 'ये' होतो. लॅटिन 'पेत्रा', म्हणजे दगड, तिकडे 'प्येत्रा' झाला. आपल्याकडे एकाचं 'येक' होतं ना, त्याच जातीची गंमत. म्हणून खरा उच्चार सि-ए-ना असा तीन तुकड्यांत नाही, दोनच तुकडे: स्ये-ना, जोर 'स्ये'वर. खात्री करायची तर त्या गावच्या माणसाला काय म्हणतात ते पाहा. ही युक्ती कुठल्याही गावाला लावा. सिएनाच्या माणसाला 'सेनेझे' म्हणतात. जोर पुढे सरकला की 'ये' गळतो आणि जुना 'से' पुन्हा वर येतो.

इथे एक फसगत सांभाळा. सिएनाचा संबंध सेनोनेस नावाच्या टोळीशी, प्राचीन गॉल लोकांपैकी एकीशी, लावणारे लेख सापडतील. ती टोळी आड्रियाटिक किनाऱ्यावरच्या सेनिगाल्लियाची, जुन्या सेना गाल्लिकाची. गाव वेगळं, नाव दिसायला सारखं. रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा भाऊ रेमस; या दोघा भावांना लांडगीने दूध पाजलं अशी कथा आहे. त्या रेमसची दोन मुलं, सेनियो आणि आस्कियो, यांनी सिएना वसवलं ही दंतकथा आहे. सिएनाच्या चौकाचौकांत लांडगीचे पुतळे दिसतात ते तिच्यामुळे. मुलीला गोष्ट म्हणून जरूर सांगा, व्युत्पत्ती म्हणून नको.

लेखनात एकच एन ठेवा. इंग्रजी देशांत दोन एन लावून हे नाव बऱ्याच मुलींना ठेवतात, तिथे ते दुर्मीळ राहिलेलं नाही. पण इटालियन माणूस दुहेरी अक्षर खरोखर दुहेरी उच्चारतो, त्याच्या तोंडी 'स्येन्ना' होईल. इटलीत गाव सगळ्यांना माहीत, मुलीचं नाव म्हणून मात्र क्वचितच. भावाच्या शेजारीण आजींनी आधी विचारलं, "सिएना? तुम्ही तिथले का?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, कारण तो जन्मभर पुरेल. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या, इस्तातच्या, संकेतस्थळावर नाव टाकून त्या नावाची किती बाळं जन्मली ते पाहता येतं. तेही एकदा पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्याला सुचत नाही. इटलीत नावाच्या संताच्या दिवशी 'ओनोमास्तिको' साजरा करतात. सिएना नावाची संत नाही. अशा बिनसंताच्या नावांचा दिवस 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा. आजी म्हणाल्या, "छे! कातेरिना आहे ना, 29 एप्रिल घ्या." सिएनाची कातेरिना (1347–1380), रंगाऱ्याची मुलगी, इटलीची पालक संत. कापड रंगवणाऱ्याची पोर हे ऐकून माझं मत तिथेच पडलं.

कागदाचं मात्र आधी बघा, कारण तिथे बारावा दिवस कुणी थांबत नाही. जन्माची नोंद रुग्णालयातच करायची तर 3 दिवसांत आणि नगरपालिकेत करायची तर 10 दिवसांत, तीही नावासकट. म्हणजे आपल्या बारशाआधी नाव सरकारदरबारी पोचलेलं असतं. हयात वडिलांचं किंवा भावंडाचं नाव, हास्यास्पद किंवा लाज आणणारं नाव तिथला कायदा ठेवू देत नाही. गावाच्या नावाला भावाला कुणी हरकत घेतली नाही. तरी अर्ज भरताना अक्षरन् अक्षर स्वतः वाचा. त्याच्या मसुद्यात दुसरा एन घुसलाच होता.

चौथ्या दिवशी नोंद झाली. बाराव्या दिवशी फोनवरून बारसं केलं. पाळणा तिकडे, घुगऱ्या इकडे. भावाने फोन बाळाच्या कानाशी धरला, मी घसा खाकरून 'स्येना' म्हणणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून वाकून आई ओरडली, "कुर्रर्र! सेना!" आणि पाठीत धपाटे मला बसले.