डॅशबोर्डची पट्टी परत बसवताना या चुका टाळा

जुन्या फियाटचं किंवा अँबेसिडरचं डेंटिंग-पेंटिंग झालं, सीटा शिवून आल्या, की मालकाला धीर धरवत नाही. डॅशबोर्डवरची चकचकीत पट्टी तेवढी उरलेली असते आणि ती गोंद लावून उरकली जाते. बडोद्यात दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आजोबांची गाडी अजून जपणारी मराठी घरं आहेत. त्यांना कळकळीनं सांगतो, पट्टी मूळ क्लिपांवरच बसवा.

कारण धातू उन्हानं वाढतो. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटे १५ अंशांच्या आसपास असतं, तर मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ६५ अंशांवर जातो. एवढ्या फरकानं एक मीटर लांबीची अॅल्युमिनियमची पट्टी १ मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते. तिच्यामागचा लोखंडी पत्रा मात्र जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढतो. राहिलेल्या अर्ध्या मिलिमीटरला वाट हवी. क्लिपमध्ये पट्टी सरकू शकते. दोन्ही टोकं करकचून आवळली तर ती मधेच फुगते, आणि इन्स्टंट ग्लूनं धरली तर गोंद तडकतो. म्हणून मधली क्लिप आधी बसवा, मग दोन्ही बाजूंना सरकत जा. टोकांचे स्क्रू हलक्या हातानं पिळा. टोकाचं भोक लांबट असेल तर स्क्रू त्याच्या मधोमध येऊ द्या.

दुसरी चूक पट्टी काढल्यावरच दिसते. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मधे पावसाळ्याची ओल शिरली, की अॅल्युमिनियम झिजायला लागतं. पट्टी उलटी करून पाहा, क्लिपच्या जागी पांढरी भुकटी जमलेली असते. ती झटकली की खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उघडे पडतात. भुकटी नायलॉनच्या ब्रशनं साफ करा, गंजलेल्या क्लिपा टाकून जस्ताचा मुलामा असलेल्या नव्या घ्या. क्लिप आत शिरताना रंग खरवडते, म्हणून पत्र्यातल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्राइमर आणि रंगाचा हात द्या, वाळल्यावर थोडं मेण चोळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पट्टीचं आयुष्य इथेच ठरतं.

काही गाड्यांत पट्टी मुळातच चिकटवलेली असते. तिथे व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. वाळताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि ते धातूला खातं. फोमची चांगली डबल टेप घ्या, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सगळीकडे सारखा दाब द्या. अशा टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तोवर गाडी उन्हात काढू नका. नव्या रंगावर तर घाईच नको. रंग वरून कोरडा लागला तरी आत कच्चा असतो, आणि टेप तो सोलून काढते.

चमक आणण्याच्या नादात बाथरूमचं अॅसिड क्रोमवर आणि कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमवर कधीही घालू नका. अॅनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं वर संरक्षक थर चढवलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला बफिंगही नको, वरचा थर गेला की तो पॉलिशनं परत येत नाही.

बसवूनही त्रास होत असेल तर?

गाडी चालताना पट्टी खडखडत असेल, तर शेजारी बसलेल्याला ती बोटानं जागोजागी दाबायला सांगा. आवाज जिथे थांबेल तिथली क्लिप सैल आहे. तिचे कान थोडे उघडा, नाहीतर पट्टीमागे पातळ फेल्ट लावा. टोक वर उचललं जात असेल, तर बाक जुळत नाहीये. पट्टी उतरवून हातानं बाक किंचित वाढवा, म्हणजे मधली क्लिप ओढली गेली की टोकं आपोआप पत्र्याला टेकतील. जागेवरच अंगठ्यानं दाबत बसलात तर पट्टीला घडी पडेल, आणि ती पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

पट्टीमागचा बारीक स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा खिळा, तुटला, तर ती जागा पॉलिश पेपरनं खरवडून नवा स्टड इपॉक्सीनं बसवा आणि पूर्ण कडक होईपर्यंत नट लावू नका.

नवे स्क्रू मूळ स्क्रूंच्याच लांबीचे घ्या. पत्र्यामागे वायरिंगचा जुडगा असतो आणि लांब स्क्रूचं टोक त्यातली वायर सोलू शकतं. पाना हातात घेण्याआधी बॅटरीची अर्थची तार सोडा, आणि शेवटचा स्क्रू बसल्यावर मागे टॉर्च मारून पाहिल्याशिवाय ती परत जोडू नका.