ठाण्यात राहून तरस, कोल्हे आणि वाघाटीचा माग कसा काढावा

तरस, वाघाटी (छोटे रानमांजर), उदमांजर यांसारख्या निशाचर प्राण्यांची आवड असणाऱ्याने प्राणी दिसण्याचा हट्ट सोडून त्यांच्या खुणा ओळखायला शिकावे. हा अभ्यास ठाणे-नवी मुंबईतच सुरू करता येतो.

पहिला धडा सोनेरी कोल्ह्याचा घ्यावा. वाशी, खारघर परिसरातील खाडीकाठच्या कांदळवनांत तो आजही वावरतो. ओहोटीनंतरच्या ओल्या चिखलावर ठसे स्वच्छ उमटतात. मात्र भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने वेळापत्रक पाहूनच निघावे, आणि चिखलात न उतरता बांधावरूनच निरीक्षण करावे. कोल्ह्याचा ठसा कुत्र्याच्या ठशापेक्षा अरुंद व लांबट असतो. तरीही आपल्याकडील भटक्या कुत्र्यांची संख्या पाहता एकट्या ठशावर विसंबणे धोक्याचे आहे. पावलांची रांग तपासावी, कारण कोल्हा बहुधा सरळ रेषेत जातो आणि कुत्रा रेंगाळत, वळत चालतो. सकाळच्या तिरप्या उन्हात, बांधावरच्या ठशाशेजारी मापासाठी नाणे ठेवून, बरोबर वरून छायाचित्र घ्यावे.

ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात परवानगी असलेल्या वेळेत व वाटेनेच जावे, कारण तेथे बिबट्याचा वावर आहे. मांजरकुळाच्या ठशात चार बोटे असतात आणि सहसा नखे उमटत नाहीत, तर उदमांजराच्या ठशात पाच बोटे दिसू शकतात. वाघाटी जेमतेम दीड किलोची असल्याने तिचा ठसा घरच्या मांजरापासून वेगळा सांगण्याचा मोह टाळलेला बरा.

तरसासाठी मात्र पुणे जिल्ह्यातील माळराने गाठावीत. इंदापूरजवळच्या कडबनवाडीला वन विभागाची सफारीही आहे. तरसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा स्पष्टपणे मोठे असते, आणि हाडे खाल्ल्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी पडते. माणसासारखे हसणारा तरस आफ्रिकेतला, ठिपक्यांचा. आपला पट्टेरी तरस बराच अबोल असल्याने आवाजाची वाट पाहण्यात रात्र घालवू नये.

मांसाचे आमिष, ध्वनिमुद्रित हाका आणि गुहेत डोकावणे हे तिन्ही प्रकार वर्ज्य समजावेत. छायाचित्र इतरांना पाठवताना नेमके ठिकाण कधीही देऊ नये. खवले मांजराच्या बाबतीत तर तालुक्याचे नावसुद्धा गाळावे, कारण त्याच्या खवल्यांसाठी शिकार होते. जखमी प्राणी आढळल्यास त्याला हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.