सरकारी पेन्शन की खासगी : नोकरी बदलण्याआधीची तयारी

हिशेबाला बसण्याआधी नियुक्तिपत्र काढा आणि त्यातला निवृत्तिवेतनाचा परिच्छेद दोनदा वाचा. नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीतून सरकारी खात्यात जावं का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. ‘सरकारी आहे, म्हणजे पेन्शन आलीच’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या काळातली पेन्शन असते. सैन्यदलं सोडली तर केंद्रात ती १ जानेवारी २००४ पासून, आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी बंद झाली. जाहिरात आधीची पण रुजू नंतर झालेल्यांना राज्याने २०२४ मध्ये जुनी योजना निवडण्याची एकवेळ संधी दिली; आज रुजू होणाऱ्याला तिचा उपयोग नाही. शिवाय सगळ्या आस्थापनांचं सारखं नसतं. एसटी आणि महावितरणच्या लोकांना ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना लागू आहे; खासगी कारखान्यातल्या कामगाराला असते तीच. राष्ट्रीयीकृत बँकांत १ एप्रिल २०१० पासून लागलेले एनपीएसमध्ये, म्हणजे पगारातून दरमहा पैसे साठवायच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत. तेव्हा आपली योजना नेमकी कोणती, हे आस्थापना शाखेतल्या बाबूंना विचारून लिहून आणा. राज्याच्या नोकरीत एनपीएसशिवाय दुसरा कोणता पर्याय तुम्हाला खुला आहे, तेही त्याच फेरीत विचारा.

दुसरा कागद पीएफच्या पासबुकाचा. त्यात दर महिन्यासमोर तीन आकडे दिसतात: तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा, म्हणजे ईपीएसचा. तिसरा आकडा बहुधा १,२५० असतो, कारण तो १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ८.३३ टक्क्यांनी निघतो. मूळ पगार साठ हजार असला तरी तेवढाच. त्याच्यावर व्याज चढत नाही. पेन्शन सूत्राने ठरते: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. म्हणजे १५,००० वर ३५ वर्षं काढली तरी महिन्याला ७,५०० रुपये, तेही महागाईप्रमाणे न वाढणारे. सेवा दहा वर्षांपेक्षा कमी भरली तर मासिक पेन्शन नाहीच. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. गॅसचं सिलिंडर आणलं की जवळपास संपली. हिंगणा नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत उभी हयात राबलेल्या माणसाच्या हातावर एवढंच टेकवणं हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

पेन्शनचा रकाना कोरा दिसला तर घाबरू नका. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलात आणि पीएफसाठी धरलेला पगार तेव्हाच १५,००० च्या वर होता, तर तुम्ही ईपीएसचे सभासदच नाही. मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. मग तुमची खासगी पेन्शन म्हणजे पीएफ, एनपीएस आणि तुम्ही स्वतः मागे टाकलेला पैसा. नवीन करप्रणालीत कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम करातून वजा होते. ही सोय आपल्या कंपनीत आहे का, एचआरला विचारा.

केंद्राच्या खात्यात, रेल्वेत किंवा महालेखापाल कार्यालयात वगैरे, जात असाल तर एनपीएस की १ एप्रिल २०२५ पासून आलेली एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, हे ठरवावं लागेल. यूपीएसमध्ये २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, वर महागाई सवलत, म्हणजे महागाईप्रमाणे वाढत जाणारी रक्कम. दहा वर्षं झाली तर किमान १०,००० रुपये. इथे तुमचं आजचं वय मांडा. चाळिशीत रुजू झालात आणि साठाव्या वर्षी निवृत्त, तर सेवा २० वर्षं. मग ५० ऐवजी ४० टक्के. सरासरी मूळ वेतन ८०,००० धरलं तर ३२,००० रुपये. मध्येच राजीनामा दिलात तर हमीची पेन्शन नाही, म्हणून ‘चार वर्षं करून बघू’ या विचाराने जाणाऱ्याने ही पेन्शन हिशेबात धरूच नये.

आता खरी तुलना. विमा कंपनीची ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून जन्मभर मिळणारी ठरावीक रक्कम, सहा टक्क्यांनी मिळाली असं धरा. महिन्याला ३०,००० हवे असतील तर ६० लाख गुंतवावे लागतात, आणि साध्या प्रकारात ते ३०,००० जन्मभर ३०,०००च राहतात. महागाईही सहा टक्के धरली तर बारा वर्षांत त्यांची किंमत निम्मी होते. साठाव्या वर्षी घर नीट चालवणारी रक्कम बहात्तराव्या वर्षी, नेमका औषधांचा खर्च वाढतो तेव्हा, अर्ध्याच घराला पुरते. यूपीएसच्या ३२,००० ला महागाई सवलत असते, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सारखेच तर आहेत’ म्हणू नका. खासगी बाजूचंही एक बळ आहे: मूळ रक्कम परत मिळणारी ॲन्युइटी घेतली तर ते ६० लाख शेवटी मुलांना मिळतात, यूपीएसमध्ये नवरा-बायको दोघंही गेल्यावर काही उरत नाही. माझं मत विचाराल तर तिशीच्या आत केंद्राची नोकरी मिळत असेल तर यूपीएसचं पारडं जड आहे. चाळिशीनंतर मात्र पगारात किती घट होते ते आधी पाहा.

हा हिशेब जोडीदाराला शेजारी बसवून करा. यूपीएसमध्ये निवृत्तीनंतर तुमच्या मागे जोडीदाराला तुमच्या पेन्शनच्या ६० टक्के मिळतात. ॲन्युइटीत मात्र जोडीदाराचा पर्याय घेतानाच निवडावा लागतो, आणि एजंट दाखवतो तो सगळ्यात मोठा आकडा पुष्कळदा एकट्याच्या हयातीपुरताच असतो. लग्नाआधी भरलेल्या नामनिर्देशनात अजून आईबाबांचीच नावं असतील तर तीही बदलून घ्या.

राजीनामा देण्याआधी आधार, पॅन आणि पीएफवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. जुळत नसेल तर दुरुस्ती कंपनीत असतानाच सोपी पडते. एनपीएसचा प्रान, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, असेल तर नवीन काढू नका, तोच नव्या नोकरीत चालतो. आणि केंद्रात रुजू झालात की यूपीएसचा पर्याय ३० दिवसांत द्यावा लागतो, तेव्हा तो अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा, पोच घ्या आणि तिची झेरॉक्स घरी ठेवा.