पाण्यातून उष्णता कशी जाते: तासाआधीची तयारी

सोलापुरात हा तास मार्च-एप्रिलमध्ये घेणार असाल तर सगळ्यात आधी गार पाण्याची सोय करा. हे प्रयोग चालतात ते गार आणि गरम पाण्यातल्या फरकावर, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मुळातच कोमट असतं. ते वापरलंत तर रंग नुसता पसरतो, मुलांना काही कळत नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आदल्या रात्रीच माठ भरून ठेवा आणि सकाळी डब्यात बर्फ घेऊन जा. गरम पाणी थर्मासमध्ये न्या. उकळतं नको, ५० अंशांच्या आसपास पुरे, आणि थर्मास तुमच्याच हाताशी राहू द्या.

काचेचे सारख्या तोंडाचे चार ग्लास, लाल आणि निळा खायचा रंग, एक जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड, मोठी परात, पुसायला टॉवेल. गरम पाणी लाल करा, गार निळं. ग्लास काठोकाठ भरा, नाहीतर हवेचा बुडबुडा राहतो. निळ्यावर कार्ड दाबून तो उलटा करा, लालवर बरोबर बसवा आणि कार्ड अलगद ओढा. बघता बघता रंग एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या जोडीत गार खाली, गरम वर ठेवा. इथे लाल वरच राहतं आणि मधली रेघ बराच वेळ मोडत नाही. हात बसेपर्यंत घरी परातीत करून बघाच. वर्गात कार्ड काढण्याआधी थांबा, प्रत्येकाचा अंदाज घ्या. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असतील तर त्यांना वहीत बाण काढून दाखवू द्या.

मुलं हमखास म्हणतील, ‘उष्णता वर जाते.’ त्यासाठी तयार राहा, कारण हे वाक्य एकदा डोक्यात बसलं की पुढे निघत नाही. वर जातं ते गरम पाणी. तापल्यावर ते पसरतं, तेवढ्याच जागेत हलकं होतं. गार, जड पाणी खाली येऊन त्याला वर ढकलतं. उष्णता त्या पाण्याबरोबर जाते. पुस्तकात यालाच अभिसरण म्हटलंय.

पाणी हललं नाही तर काय होतं, तेही दाखवा. परीक्षानळीत बर्फाचा तुकडा टाका, तो तरंगू नये म्हणून वर तारेचं वेटोळं बसवा, पाणी भरा. नळी चिमट्यात तिरकी धरून वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. वर पाणी उकळतं, तळाशी बर्फ तसाच. हे फक्त शिक्षकांनी करायचं, मुलं दोन हात लांब, नळीचं तोंड कुणाकडेही नको.

शाळेजवळ कुणाच्या गच्चीवर साधा सोलर हीटर असेल तर आधीच परवानगी घेऊन ठेवा. पॅनेल खाली, टाकी वर, पंप नाही, तरी पाणी फिरत राहतं. टाकी पॅनेलच्या खाली ठेवली तर काय होईल, हा प्रश्न तिथेच उभं राहून विचारा.