अंबरनाथच्या शिवमंदिरात जाताय? या चुका टाळा

श्रावणी सोमवारी दादरहून लोकल पकडायची, अंबरनाथला पूर्वेला उतरायचं, रिक्षावाल्याला ‘शिवमंदिर’ एवढंच सांगायचं. आमच्या घरातला हा जुना रिवाज. पण बरेच जण रांगेत उभे राहतात, पिंडीला हात लावतात आणि पुढची गाडी गाठायला पळतात. सगळ्यात मोठी चूक हीच. वालधुनीच्या काठचं हे देऊळ जवळजवळ साडेनऊशे वर्षांचं आहे, ते न बघताच परत कसं यायचं?

‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ असं पोरांना सांगून मोकळे होऊ नका. ही कथा जरूर सांगा, पण शिलालेखाचंही सांगा. मंदिरातल्या लेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. कोकणातल्या आपल्याच राजवटीचं हे काम. ही शैली भूमिज. शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी वर चढत जातात, त्या लांबून ओळखू येतात.

गाभारा जमिनीखाली आहे, सुमारे २० पायऱ्या उतरून जावं लागतं. अभिषेकाच्या दुधापाण्याने पायऱ्या ओल्या असतात. गेल्या वर्षी माझी आत्या शेवटच्या पायरीवरून घसरली, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. मागच्या माणसाने कितीही घाई केली तरी भिंतीला हात धरूनच उतरा. खाली गेल्यावर एकदा मान वर करा. शिखर माथ्याशी अपुरं आहे, तिथून आभाळ दिसतं. पावसाळ्यात तो उजेड ओल्या काळ्या दगडावर पडतो तेव्हा बोलणारी माणसंही गप्प होतात.

प्रदक्षिणेत तर हमखास घोळ होतो. शंकराला पूर्ण फेरी नाही. अभिषेकाचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडायचं नसतं, तिथून मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथवर यायचं. असं केलं की बाहेरच्या सगळ्या भिंतींवरची शिल्पं आपोआप बघून होतात. पण त्या मूर्तींना कुंकू, तेल लावू नका. दगडावर बसलेलं तेल निघत नाही, त्यावर धूळ चिकटत जाते. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, पण पहारेकरी बघतोय म्हणून नव्हे, दगडाच्या काळजीपोटी हात आवरा.

बेल तीन पानांचा, न फाटलेला आणि पालथा वाहायचा. केवडा आणि हळद शंकराला चालत नाही.

महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. लहान मूल किंवा गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर तो दिवस टाळा, साध्या दिवशी सकाळी लवकर जा.

आणि निर्माल्य नदीत नको. कारखान्यांच्या सांडपाण्याने वालधुनीचं पाणी आधीच काळं पडलंय. आम्ही एक कापडी पिशवी नेतो, त्यातून फुलं घरी आणतो आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत मातीखाली पुरतो.