हँडल दिलं की ऑब्जेक्ट आपला राहत नाही : लिनक्सच्या ग्राफिक्स कोडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सी येतं, पॉइंटरची भीती गेली आहे, स्वतः बिल्ड केलेला कर्नल एकदा तरी बूट केला आहे, एवढं मी धरून चालते. पॅच मेलने कसा पाठवायचा, पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट का कुरकुरते, हे शिकवणारे ढीगभर मिळतील. मला डीआरएममधल्या, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स विभागातल्या, एकाच जागेबद्दल बोलायचं आहे. तिथे माझं डोकं इतकं अडकलं होतं की अजूनही कुठला ड्रायव्हर उघडला की नजर आधी तिकडेच जाते. हँडल, रेफरन्स आणि लॉक या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि नवखा माणूस त्यांची हमखास खिचडी करतो.

थोडी पार्श्वभूमी. टेक्स्चर, फ्रेमबफर वगैरेंसाठी लागणारी मेमरी सांभाळायला जेम नावाची व्यवस्था आहे. इंटेलमध्ये कीथ पॅकार्ड आणि एरिक अ‍ॅनहोल्ट यांनी ती उभी केली आणि 2008 मध्ये 2.6.28 बरोबर ती कर्नलमध्ये आली. बफर ऑब्जेक्ट कर्नलमध्ये राहतो, प्रोग्रामच्या हाती फक्त 32 बिटांचा एक नंबर येतो, तो हँडल. डिव्हाइस फाइल जितक्या वेळा उघडाल तितके हँडलचे वेगळे तक्ते, आणि हँडल त्या-त्या तक्त्यापुरतंच खरं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचं टोकन असतं ना, तसं : या स्टँडचं 7 नंबरचं टोकन पलीकडच्या स्टँडवर दाखवून उपयोग नाही. नंबर 1 पासून सुरू होतात, 0 म्हणजे काहीच नाही, आणि नवीन हँडल मागितलं की रिकाम्यांपैकी सगळ्यात लहान नंबर मिळतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच महागात पडतं.

हँडलवरून ऑब्जेक्ट शोधणारा लुकअप जेमतेम काही ओळींचा आहे. तक्त्याचं स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) घ्यायचं, नंबर शोधायचा, ऑब्जेक्ट सापडला तर लॉक हातात असतानाच त्याचा रेफरन्स (ऑब्जेक्ट किती जणांनी धरून ठेवलाय याची मोजणी, ती 0 झाली की ऑब्जेक्ट जातो) वाढवायचा, मग लॉक सोडायचं. आधी लॉक सोडून मग रेफरन्स वाढवला तर त्या फटीत दुसरा थ्रेड हँडल बंद करून ऑब्जेक्ट मोडीत काढू शकतो. तक्त्याचं लॉक तक्त्याला राखतं, ऑब्जेक्टच्या आतल्या मजकुराशी त्याला देणंघेणं नाही. रेफरन्स ऑब्जेक्टला जिवंत ठेवतो, पण तुम्ही वाचताय तोवर दुसऱ्याने आत लिहू नये अशी हमी देत नाही. ती हमी हवी असेल तर ऑब्जेक्टचं स्वतःचं लॉक वेगळं घ्यावं लागतं.

हँडल बंद करतानाची काळजीही बघून घ्या. आधी तक्त्यातल्या त्या जागी नल ठेवतात, म्हणजे कुणी शोधलं तर काही मिळत नाही, पण नंबर अडवलेला राहतो. मग आवराआवर, आणि सगळ्यात शेवटी नंबर मोकळा. नंबर आधीच मोकळा केला असता तर आवराआवर चालू असताना तोच नंबर नव्या ऑब्जेक्टला मिळाला असता. मला हा कोड भयंकर आवडतो. मोजक्या ओळी, पण क्रम बदललात की मेलात.

आता सापळा. नवीन बफर बनवणाऱ्या कॉलमध्ये ड्रायव्हर काय करतो? ऑब्जेक्ट बनवला, रेफरन्स 1. हँडल बनवलं, हँडलने आपला रेफरन्स घेतला, झाले 2. आता ड्रायव्हर म्हणतो, ऑब्जेक्टची मालकी हँडलकडे गेली, माझं काम संपलं, आणि आपला रेफरन्स सोडतो. उरला 1. मग उत्तराच्या स्ट्रक्चरमध्ये भरण्यासाठी ऑब्जेक्टमधून आकार किंवा हार्डवेअरचा एखादा आयडी वाचतो, आणि कॉल संपतो.

वाचायला निर्धोक वाटतं. मलाही कितीतरी दिवस निर्धोकच वाटत होतं, कारण माझा युक्तिवाद असा होता : हँडलचा नंबर प्रोग्रामला कॉल संपल्यावरच कळणार, मग कॉल चालू असताना ते बंद कोण करणार? हा युक्तिवाद इतका सरळ आहे की रिव्ह्यू करणाऱ्याच्याही डोळ्यांखालून निसटतो.

तर बघा. प्रोग्रामला नंबर *सांगितला* नसला तरी तक्त्यात तो *दिसायला* लागलेला आहे. आणि नंबर ओळखायला ज्योतिषी लागत नाही. तक्त्यात 1 ते 4 भरलेले असतील तर पुढचा 5. आता एकाच फाइलवर दोन थ्रेड घ्या. पहिला बफर बनवतोय. दुसरा काही न विचारता सारखा म्हणतोय, 5 बंद कर, 5 बंद कर, 5 बंद कर. बहुतेक वेळा त्याला चूक परत मिळते, कारण 5 अस्तित्वातच नाही. पण एखाद्या फेरीत पहिला थ्रेड हँडल बनवून आणि आपला रेफरन्स सोडून एक ओळ पुढे जाणार, तेवढ्यात दुसऱ्याचं 'बंद कर' लागू पडतं. उरलेला 1 होतो 0, ऑब्जेक्टची मेमरी परत जाते, आणि पहिला थ्रेड पुढच्या ओळीत त्याच मेमरीतून आकार वाचायला जातो. मेमरी परत गेल्यावरचा वापर, म्हणजे यूज-आफ्टर-फ्री. ग्राफिक्स डिव्हाइस उघडता येणारा कुठलाही साधा प्रोग्राम हे करू शकतो, रूट असायची गरज नाही.

दुरुस्ती पाहिली तर हसू येईल : रेफरन्स सोडणारी ओळ उचलायची आणि वाचणाऱ्या ओळींच्या खाली ठेवायची. बस्स. 2022 च्या डिसेंबरमध्ये रॉब क्लार्क यांनी व्हर्टआयओ जीपीयू या आभासी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच केलं, माली जीपीयूच्या पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हरमध्येही तीच दुरुस्ती झाली. 2025 मध्ये तर जेमच्या गाभ्यातलीच एक फट बुजवली : ऑब्जेक्ट पुरता तयार व्हायच्या आधीच तक्त्यात दिसत होता, म्हणून आता आधी नल ठेवून नंबर अडवतात आणि सगळं झाल्यावरच खरा पॉइंटर बसवतात. ही माणसं वर्षानुवर्षं हाच कोड लिहितायत. तेव्हा तुम्हाला हे पहिल्या वाचनात दिसलं नाही म्हणून 'आपल्याला जमणार नाही' असं मनात आणू नका. जमतं. उशिरा जमतं, एवढंच.

पण एक कडू बोलतेच. दुसऱ्या ड्रायव्हरमधून फंक्शन उचलून नावं बदलायची, ही सवय इथे घातक आहे. असले दोष याच वाटेने एका ड्रायव्हरमधून दुसऱ्यात जातात. उचलायचंच असेल तर आधी गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) लावा, ती ओळ तिथे का आहे ते कमिटच्या मजकुरात वाचा. तो मजकूर कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा चांगला असतो. 'पंधरा दिवसांत डिव्हाइस ड्रायव्हर' शिकवणाऱ्या एका ठिकाणी मी पैसे भरले होते. तिथे लॉकिंग म्हणजे एक स्लाइड होती, तिच्यावर कुलपाचं चित्र.

आणि मेंटॉरबद्दल, कुणाला पटो न पटो : विचारल्या-विचारल्या उत्तर देणारा मेंटॉर मला नको. माझ्या मेंटॉरने या सापळ्यावर मला एकच प्रश्न विचारला होता, 'या ओळीला रेफरन्स कोणाचा आहे?' त्या वेळी राग आला. आता प्रत्येक ओळीला मी तोच विचारते.

लॉकचा दुसरा डोंगर आहे, त्याबद्दल थोडक्यात. जीपीयूला एक काम देताना एकदम कितीतरी बफर लॉक करावे लागतात, आणि त्यांची यादी प्रोग्रामकडून येते. एकाने अ-ब मागितले, दुसऱ्याने ब-अ, की दोघं एकमेकांची वाट बघत बसले. म्हणून इथे वाउंड-वेट म्यूटेक्स आहे, 2013 पासून, 3.11 मध्ये आलेला. प्रत्येक कामाला तिकीट मिळतं. टक्कर झाली की उशिरा आलेल्याला 'ईडेडलॉक' हा एरर मिळतो, मग त्याने हातातली सगळी लॉक सोडायची, अडलेल्या लॉकची वाट बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एकही लॉक धरून ठेवलंत तर सगळा खटाटोप वाया. 6.6 पासून डीआरएम एक्झेक नावाचा हेल्पर हे सगळं करून देतो, तोच वापरा. हाताने लिहिण्यात काही शौर्य नाही.

युजरस्पेसच्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांच्या, बाजूला काम करणार असाल तर एवढं : तोच डीएमए-बफ (ड्रायव्हरांमध्ये वाटून वापरायचा बफर) एकाच फाइलवर दोनदा आयात केला तर दोन्ही वेळा हँडल तेच मिळतं, आणि एकदा बंद केलं की दोघांचंही गेलं. मोजणी तुम्हालाच ठेवावी लागते.

सरावाला महागडं कार्ड लागत नाही. व्हीकेएमएस हा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर आहे, 2018 मध्ये गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या नवख्यांसाठीच्या उपक्रमांत आलेल्या नवख्यांनीच तो उभा केला. क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये व्हर्टआयओ जीपीयू चालतो. कर्नल बिल्ड करताना केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा), लॉकडेप (लॉकच्या क्रमातल्या चुका पकडणारा) आणि वाउंड-वेटचा मुद्दाम खोट्या टकरा घडवणारा डीबग पर्याय, तिन्ही चालू ठेवा. मग 2022 ची ती दुरुस्ती उलटवा, वर सांगितलेले दोन थ्रेड लिहा आणि चालू करून बघत बसा. लगेच काही दिसणार नाही, थ्रेडची संख्या वाढवा. केसॅनचा अहवाल आला की त्यात ढिगाने ओळी असतात, पण वाचायच्या तीनच जागा : मेमरी कुठे वापरली, कुठे दिली होती आणि कुठे परत गेली. तिसऱ्या जागेमागे दुसऱ्या थ्रेडचं 'बंद कर' असतं. हे रोजच्या लॅपटॉपवर मात्र करू नका, क्यूईएमयूमध्येच करा, आणि डिस्क इमेजची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा.