कंपोनंटची रजिस्ट्री कशी लिहायची (आणि कुठं थांबायचं)

आमच्या सोलापुरात टॉवेल-चादरवाल्यांच्या अ‍ॅपचीच कामं जास्त येतात, आणि सगळ्यांना पाहिजे असतं तेच, स्टॉक, ऑर्डर, थकबाकी, फक्त शेजारच्यापेक्षा वेगळं दिसलं पाहिजे. मी आधी सरळ फोल्डर कॉपी करायचो. दोन गिऱ्हाइकांपर्यंत चालतं, तिसऱ्याला एकच बग तीन ठिकाणी काढताना डोकं फिरतं. म्हणून तिसऱ्यांदा कॉपी करायची वेळ आली की मगच रीयूजेबल करायला घ्या, त्याआधी नेमकं काय बदलतंय तेच कळालेलं नसतं.

रिअ‍ॅक्ट (स्क्रीन छोट्या तुकड्यांतनं, म्हणजे कंपोनंटांतनं, जोडायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) धरून सांगतो. जेकार्डचा माग बघितलाच असेल, माग तोच, कार्डं बदलली की नक्षी बदलते. तसंच अ‍ॅप एकच ठेवायचं, गिऱ्हाइकाच्या कॉन्फिगमधे (सेटिंगच्या फाइलमधे) फक्त कंपोनंटची नावं, आणि नावावरनं कंपोनंट काढून देणारी एक छोटी रजिस्ट्री.

आत जावास्क्रिप्टचा मॅप (नाव दिलं की त्यापुढची वस्तू देणारी यादी) आणि दोनच फंक्शन, एक नोंद करणारं, एक काढून देणारं. साधा ऑब्जेक्ट घेऊ नका, त्यात 'कन्स्ट्रक्टर' असं नाव शोधलं तर नोंद नसतानाही काहीतरी हाताला लागतं. एकच नाव दोनदा नोंदवलं तर गप्प ओव्हरराइट न करता तिथंच एरर फेका. नाव सापडलंच नाही तर पांढरी स्क्रीन नको, त्या जागी एक चौकोन दाखवा आणि त्यात ते नाव छापा, स्पेलिंगची चूक दोन सेकंदात दिसते.

आता लेझी लोडिंग, म्हणजे कंपोनंटचा कोड लागेल तेव्हाच उतरवणं. ही सोय रिअ‍ॅक्टमधे 2018 पासून, 16.6 व्हर्जनपासून आहे, पण लेझीचा कॉल रेंडरच्या आत (स्क्रीन दरवेळी नव्यानं काढणाऱ्या कोडमधे) केला तर दर रेंडरला नवीन कंपोनंट तयार होतो आणि युजरनं भरलेला फॉर्म कोरा होतो. त्यामुळं नोंद करतानाच एकदा लेझी करून तेच मॅपमधे ठेवायचं.

मी सगळ्यात जास्त मार खाल्ला तो नोंदणीत. प्रत्येक फाइल इंपोर्ट झाली की स्वतःच स्वतःची नोंद करणार, अशी हुशारी केली होती. माझ्या मशीनवर मस्त चाललं, प्रॉडक्शन बिल्डमधे अर्धे कंपोनंट गायब, पार्टनरचा रात्री फोन, "काय बे, थकबाकी कुठं गेली?" पॅकेज फाइलमधे साइड-इफेक्ट नाहीत (म्हणजे फाइल नुसती इंपोर्ट केल्यानं काही घडत नाही) असं मीच लिहून ठेवलं होतं, मग ज्या फाइलमधनं कोणी काही वापरत नाही ती बंडलरनं (सगळ्या फाइली एकत्र बांधणाऱ्या टूलनं) काढून टाकली, त्याची काय चूक. तेव्हापासून सगळ्या नोंदी एकाच फाइलमधे, एकाखाली एक, हातानं. दिसायला गावठी आहे पण कुठला कंपोनंट कुठनं आला ते शोधत बसावं लागत नाही, आणि रजिस्ट्रीची फाइल या नोंदींच्या फाइलपेक्षा वेगळी, ती स्वतः कुठलाच कंपोनंट इंपोर्ट करत नाही म्हणून सर्क्युलर इंपोर्टची (दोन फाइलींनी एकमेकींना इंपोर्ट करायची) कटकट पण गेली.

टायमर, लिसनर ज्या कंपोनंटनं लावले त्यानंच काढायचे, इफेक्टमधनं (useEffect) क्लीनअप फंक्शन रिटर्न करून. विसरलात तर रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड (चुका दाखवणारी तपासणी) 18 व्हर्जनपासून डेव्हलपमेंटमधे कंपोनंट दोनदा माउंट करून (स्क्रीनवर लावून) ते उघडं पाडतो, त्याला वैतागून तो मोड बंद करू नका.

आणि परमिशन, थीम, एपीआय यातलं काहीच रजिस्ट्रीत घुसवू नका. माझी अजून साठ ओळींच्या आत आहे, कोणी सत्तरावी मागितली की आधी का ते विचारतो.